मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग निवडताना

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात वाचून दाखवलेले भाषण)



चिटणीसबाईंनी पंधरा दिवसांपूर्वी मला गाठून सांगितले, ‘यंदा हळदीकुंकवाला तुम्ही बोलायचे.’ मी म्हटले, ‘बाई, मी सातवी शिकलेली. मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावात शाळाच सातवीपर्यंत होती, पुढे कोणी पाठवले नाही. मी काय बोलणार?’ त्या म्हणाल्या, ‘तुमची धाकटी चित्रे काढते ना? मग मुलांना चित्रकलेच्या वर्गाला घालताना काय पाहावे ते सांगा. दर उन्हाळ्यात बायका मला विचारतात आणि मला ते सांगता येत नाही.’ तेव्हा मी कबूल झाले. वही समोर धरून वाचते आहे, त्याबद्दल रागावू नका. मला जे ठाऊक आहे ते पुस्तकातले नाही. एकदा चुकून मग जे कळले, तेवढेच सांगणार आहे.

गोष्ट 2019 सालच्या गड्ड्याची. धाकटी तेव्हा दुसरीत होती. आपण सगळ्याजणी सिद्धेश्वराच्या यात्रेला जातो, नंदीध्वजांची मिरवणूक पाहतो, त्यात मला नवे सांगण्यासारखे काही नाही. तिने मात्र त्या वर्षी ती मिरवणूक पहिल्यांदा वडिलांच्या खांद्यावर बसून नीट पाहिली. घरी आल्यावर जेवायलाही उठेना. वहीचा कागद फाडून काढायला बसली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘आई, कागद संपला, काठी अजून राहिली आहे.’ मी दुसरा कागद दिला. तो तिने कणकेच्या खळीने वर चिकटवला. मग तिसरा. असा तो नंदीध्वज तीन कागद उंच झाला. खाली पांढरी बाराबंदी घातलेली माणसे होती, त्यांची डोकी घरांपेक्षा मोठी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसे तिने अशी काढली होती की जणू ती आडवी निजली आहेत, पाय सगळ्यांचे रस्त्याकडे. आणि आजीच्या पिशवीत काय काय होते तेही बाहेरून दिसत होते, बोरे, उसाचे करवे, हलवा. आम्ही सगळे हसलो. सासूबाई तर म्हणाल्या, ‘माझी पिशवी हिने चांगली तपासली की!’

त्या चित्रावरून माझ्या मनाने घेतले की, पोरीच्या हातात कला आहे, तिला वर्गाला घातलेच पाहिजे. इथेच मी पहिली चूक केली. हातात कला आहे हे कळल्यावर वर्ग पाहायला निघाले, पण पोरीकडे पाहायचे सोडून दिले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका वर्गाचा फलक दिसला. आत गेले तर भिंतभर प्रशस्तिपत्रे, काचेच्या कपाटात ढाली आणि पदके. माझे डोळे दिपले. फी महिना सहाशे, वरून रंगांची पेटी आणि वह्या त्यांच्याकडूनच घ्यायच्या. आमच्या घरी चादरीच्या कारखान्यातला पगार, त्यात दोन मुले. तरीही मी भिशीच्या पैशातून तीन महिन्यांची फी एकदम भरली. मनात म्हटले, आपल्याला शाळा मिळाली नाही, हिला तरी मिळू दे.

पहिल्या दिवशी मी हौसेने तो तीन कागदांचा नंदीध्वज गुंडाळी करून बरोबर नेला होता. शिक्षकांनी तो टेबलावर उलगडला. लाल पेन्सिल घेतली आणि वरच्या दोन कागदांवर फुली मारली. म्हणाले, ‘काठी माणसापेक्षा एवढी मोठी नसते. कागदात बसेल तेवढेच काढायचे. आणि पिशवीच्या आतले बाहेरून दिसत नाही.’ ते बोलले त्यात खोटे काही नव्हते. धाकटीने माझ्याकडे पाहिले. आणि भगिनींनो, मी मान हलवली. ‘सर सांगतात तसे कर,’ म्हणाले. ती फुली शिक्षकांनी मारली खरी, पण माझी मान हलली नसती तर ती तितकी खोल गेली नसती, असे मला आजही वाटते.

पुढे सगळे छान चालले असे मला वाटत होते. ती दर आठवड्याला एक चित्र घेऊन यायची. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीच्या काठी झोपडी, बाजूला नारळाचे झाड, आकाशात पक्षी. रंग कुठे रेषेबाहेर नाही. दिवाळीच्या आधी एका स्पर्धेत तिला पदक मिळाले, ते मी देवघरात ठेवून गल्लीभर पेढे वाटले. तुमच्यापैकी काहींनी ते खाल्लेही असतील! एकदा मी वर्ग सुटण्याच्या आधी पोहोचले, तेव्हा दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलेली तीस चित्रे पाहिली. तिसांवर तेच दोन डोंगर, तीच नदी, तोच नारळ. तेव्हाही मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट म्हटले, किती शिस्त आहे! आता विचार करते, आपल्या सोलापुरात दोन डोंगरांमधून सूर्य उगवताना कोणी पाहिला आहे? आपल्याकडे सूर्य उगवतो तो पत्र्यांच्या शेडांमागून आणि पाण्याच्या टाक्यांमागून. त्या तीस मुलांपैकी एकानेही आपली गल्ली काढली नव्हती.

मार्च 2020 मध्ये करोनामुळे टाळेबंदी झाली. कारखाना बंद, शाळा बंद, वर्गही बंद. पोरे घरात कोंडली गेली. मी जुन्या कॅलेंडरची पाने उलटी करून धाकटीपुढे ठेवली आणि म्हटले, ‘काढ बाई काहीतरी, जीव रमेल.’ ती पेन्सिल घेऊन बराच वेळ नुसती बसली. मग म्हणाली, ‘आई, सर नाहीत. मग कसं काढू? समोर काहीच नाही.’ मी म्हटले, ‘अगं, नंदीध्वज काढ ना मागच्यासारखा.’ ती म्हणाली, ‘मला नाही येत. तो चुकतो.’

ज्या पोरीने कागद संपला म्हणून कागदाला कागद जोडला होता, तिला वर्षभराच्या आत कोऱ्या कागदाची भीती बसली. आणि त्यासाठी पैसे मीच भरले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिला परत हाताशी धरले ते माझ्या सासूबाईंनी. त्यांना लिहितावाचता येत नाही. पहाटे उठून सडा घालावा, रांगोळी काढावी, हा त्यांचा जन्माचा नेम. एके दिवशी त्यांनी नातीला हाक मारली, ‘ये, हात लाव.’ ती मागे सरली, ‘चुकेल आजी.’ सासूबाई म्हणाल्या, ‘चुकलं तर चुकलं. पायानं पुसायचं नि परत घालायचं. उद्या तर पुसायचीच असते.’ बस, एवढेच शिक्षण. चार दिवस तिने ठिपके मोजून कमळे काढली. मग कमळाच्या मध्ये मांजर बसवले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. महिन्याभराने आमच्या अंगणात मास्क लावलेला दूधवाला आला, काठी घेतलेला पोलीस आला, खिडकीतून बघणारी शेजारीण आली. सासूबाई सकाळी नवा सडा घालताना तेवढे म्हणायच्या, ‘आज काय काय झालं गल्लीत, घाल बघू.’

मी पुष्कळदा मनाशी विचार केला की, ठिपक्यांची रांगोळी हीसुद्धा नक्कलच की! मग ती का बाधली नाही आणि दोन डोंगर का बाधले? मला वाटते, फरक असा आहे. सासूबाईंनी आधी नमुना दिला आणि मग तो मोडायची मोकळीक दिली. तिथे नमुना मोडला की फुली होती. नक्कल करून हात बसतो, ते वाईट नाही. आपणही पोळी लाटायला आईची बघूनच शिकलो. पण मुलाला जन्मभर नकलेवरच बसवून ठेवले, तर त्याला आपल्या डोळ्यांनी काही दिसेनासे होते.

2022 च्या जूनमध्ये ती सहावीत गेली. आता रांगोळीवर तिचे समाधान होईना. ‘आई, माझं घर घरासारखं दिसत नाही, हात हातासारखा दिसत नाही,’ म्हणून चिडायची, कागद फाडायची. मला वाटले, जुने दुखणे उलटले. पण ते तसे नव्हते. आमच्या दोन गल्ल्या पलीकडे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे एक शिक्षक राहतात. दारावर फलक नाही. या वेळी मी शहाणी झाले होते. पोरीला न घेता आधी एकटी गेले आणि विचारले, ‘सर, तासभर बसून बघू का?’ ते म्हणाले, ‘बसा की. चहा घेणार?’

खोलीत आठनऊ मुले गोल बसली होती. मध्ये स्टुलावर ॲल्युमिनियमची किटली आणि दोन वांगी. प्रत्येक मूल आपल्या जागेवरून जे दिसेल ते काढत होते. एकाच्या कागदावर किटलीची चोच डावीकडे, दुसऱ्याच्या उजवीकडे, तिसऱ्याला चोच दिसतच नव्हती, त्याने नुसते पोट आणि कडी काढली. नऊ कागद नऊ तऱ्हांचे, आणि चूक कोणाचेच नाही! एका मुलाची किटली एका बाजूला कलली होती. सरांनी त्याच्या कागदाला हात लावला नाही. आपल्या हातातल्या फाटक्या कागदावर एक उभी रेघ मारून म्हणाले, ‘ही मधली रेघ. आता किटलीकडे बघ, हिच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत का?’ पोराने पाहिले, खोडले, पुन्हा काढले. त्या तासात मला जे कळले ते प्रशस्तिपत्रांच्या भिंतीने कधी सांगितले नव्हते.

नंतर मी त्यांना आमच्या पोरीची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मला वयाप्रमाणे कसे असते ते समजावले, ते तुम्हालाही सांगते. दोनतीन वर्षांचे मूल नुसत्या रेघोट्या ओढते. हाताला हलायचा आनंद असतो तो. मग एक गोल काढते, त्यालाच हातपाय फुटतात, धड नसतेच. ते सगळ्या मुलखातली मुले करतात. पाचसहापासून आठनऊ वर्षांपर्यंत मूल डोळ्याला दिसते ते काढत नाही, मनाला ठाऊक आहे ते काढते. म्हणून पिशवीतली बोरे बाहेरून दिसतात, आणि जे मनाला मोठे वाटले ते कागदावर मोठे होते. नंदीध्वज तीन कागद उंच होता, कारण सात वर्षांच्या मुलीला तो तेवढा उंच वाटला होता. ती चूक नव्हती. साधारण नऊदहा वर्षांनंतर मुलालाच आपले चित्र खऱ्यासारखे दिसावे असे वाटू लागते. ते जमत नाही म्हणून पुष्कळ मुले त्याच वयात ‘मला चित्र येत नाही’ म्हणून कायमची सोडून देतात. आपण सगळ्यांनी अशीच सोडली. सर म्हणाले, ‘बाई, मोजमाप, छाया, लांबचे लहान दिसणे, हे शिकवायची वेळ आता आली आहे. दुसरीत जे तिच्या गळ्यात घातले ते आता हातात दिले तर तिला हवेच आहे.’ औषध तेच असावे, पण वेळ चुकली की अपाय व्हावा, तसे ते झाले होते.

आता चिटणीसबाईंनी विचारलेल्या प्रश्नाकडे वळते. वर्ग निवडताना काय पाहावे? माझ्या अनुभवावरून सातआठ गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, फी भरण्याआधी तासभर वर्गात बसा. जो बसू देत नाही, त्याला लांबूनच नमस्कार करा. बसल्यावर भिंतीवरची बक्षिसे पाहू नका, मुलांचे कागद पाहा. सगळे सारखे असतील तर तिथे एकाच माणसाचे चित्र तीस हातांनी निघते आहे, असे समजा.

दुसरी, शिक्षक मुलाच्या कागदावर आपला हात फिरवतात का, ते पाहा. आई खूष व्हावी म्हणून पुष्कळ ठिकाणी शेवटचा हात शिक्षकच मारतात. चित्र छान दिसते, पण मुलाला मनात ठाऊक असते की, हे माझे नाही.

तिसरी, मुलाचे वय. सातआठ वर्षांपर्यंत मोठा कागद, जाड खडू, ओली माती, कात्री, डिंक, रंगीत चिंध्या एवढे ज्या वर्गात आहे तो चांगला. त्या वयात पट्टी धरून रेघा आणि पेन्सिलीचे छायाकाम करायला लावणारा वर्ग नको. आणि असा वर्ग जवळपास नसला तर काहीही बिघडत नाही, हे सारे घरीही मिळते.

चौथी, एका शिक्षकामागे मुले किती? पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकाला मुलाचे नावही ठाऊक नसते, मग चित्र कुठून ठाऊक असणार?

पाचवी, पैसे. महिन्याची फी महिन्याला द्या. वर्षाची एकदम मागितली तर विचार करा. रंगांची महागडी पेटी पहिल्याच दिवशी घेऊ नका. मुलाला आवडले नाही तर ‘आता पैसे भरले आहेत, जा मुकाट्याने,’ असे आपण म्हणतो आणि तिथून कलेचा काच होतो. आमच्या थोरल्याला मी धाकटीबरोबर चार दिवस पाठवले होते. तो रोज पोट दुखते म्हणायचा. त्याला सायकल उघडून जोडायला आवडते. मी नाद सोडला.

सहावी, आणि हिला मी शेवटी ठेवली नाही ती मुद्दाम. वर्गाचा रस्ता कसा आहे, सुटण्याच्या वेळी दिवेलागण होते का, खोलीचे दार उघडे असते का, आणखी कोण मोठी माणसे तिथे असतात, मुलींसाठी संडासाची सोय आहे का, हे आईने स्वतः पाहून घ्यावे. यात कोणावर संशय घेतल्यासारखे होत नाही. भल्या शिक्षकाला अशा चौकशीचा राग येत नाही.

सातवी, परीक्षा. आपल्या राज्यात कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा रेखाकलेच्या दोन सरकारी परीक्षा होतात. त्यात वस्तू समोर ठेवून काढायचे चित्र, आठवणीने काढायचे चित्र, नक्षीचे संकल्पचित्र, शिवाय भूमिती आणि अक्षरलेखन असे विषय असतात. पुढे दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, म्हणून आपण आया घाई करतो. परीक्षा वाईट नाही. आठवणीने चित्र काढायचे म्हणजे आधी पाहिलेले मनात साठवलेले पाहिजे, ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण ती परीक्षा मोठ्या मुलांसाठी आहे. तिसरीतल्या मुलाला ‘एलिमेंटरीची तयारी’ म्हणून जो बसवतो, त्याच्यापासून सावध राहा. आमच्या धाकटीने आठवीत असताना एलिमेंटरी दिली. ‘ब’ श्रेणी आली. पेढे वाटले नाहीत, पण आठवणीच्या चित्रात तिने भाजीबाजार काढला होता हे ऐकून सरांनी तिच्या पाठीवर थाप दिली.

आठवी गोष्ट घरातली. मूल चित्र घेऊन आले की आपण विचारतो, ‘हे काय काढलेस? हा घोडा की गाढव?’ त्याऐवजी म्हणावे, ‘सांग बघू काय आहे यात.’ मग ऐकत बसावे. चित्राच्या मागे तारीख घालून ते ठेवून द्यावे. शेजारच्या मुलाचे चित्र काढून तुलना करू नये. मोबाइलवर बघून चित्रे काढण्याचाही आता प्रघात पडला आहे. त्यातून रंग कसे मिसळावेत, घडी कशी घालावी हे शिकता येते, त्याला माझा विरोध नाही. पण तिथेही पुन्हा ‘हे बघा आणि असेच काढा’ हेच आहे, तेव्हा दिवसभर तेच नको.

काही जणी म्हणतील, चित्रे काढून पोट भरते का? आमच्या घरीही हाच प्रश्न होता. ‘ह्यां’चे म्हणणे, एवढा खर्च कशाला? मग एकदा सर म्हणाले, ‘तुमचे यजमान चादरीच्या कारखान्यात आहेत ना? मुलीला तिथली नक्षी कशी होते ते दाखवून आणा.’ ‘ह्यां’नी तिला नेले. चादरीवरचा मोर आधी चौकटी-चौकटीच्या कागदावर काढतात. त्या चौकटी पाहून पुठ्ठ्याला भोके पाडतात, त्या पुठ्ठ्यांची माळ जॅकार्डच्या मागावर चढते, आणि भोक असेल तिथला धागा उचलला जातो. आता पुष्कळ ठिकाणी चौकटीचे काम कॉम्प्युटरवर होते, पण मोर कोणाच्या तरी डोक्यातून आधी निघावा लागतो, तो काही मशीन आपणहून घालत नाही. त्या दिवशी बापलेक चौकटीच्या वहीत डोके घालून बसले ते रात्रीपर्यंत. तेव्हापासून खर्चाची गोष्ट निघाली नाही. मुंबईला सर जे. जे. कलाशाळा 1857 साली निघाली, तेव्हापासून आपल्याकडे चित्रकलेचे शिक्षण घेऊन पोट भरणारी माणसे आहेत. तरीही मी म्हणेन की, दहातल्या नऊ मुलांना चित्रकार व्हायचे नसते. त्यांना नीट पाहता यावे, आणि पाहिलेले न घाबरता मांडता यावे, एवढे जरी झाले तरी फी वसूल झाली.

आणि वर्ग परवडत नाही म्हणून कोणी खंत करू नये. वारली चित्रे आता साडीवर, पेल्यावर सगळीकडे दिसतात. ती मूळची पालघरकडच्या वारली बायकांनी लग्नघरात शेणाने सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली. लग्नाचा चौक लिहायचा मान बायकांचाच. त्याच मातीतले जिव्या सोमा म्हसे रोज चित्रे काढू लागले आणि त्यांचे नाव परदेशापर्यंत गेले. 2011 साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. 2018 मध्ये ते वारले. त्या बायकांना कोणत्या वर्गाला कोणी घातले होते? आपल्या रांगोळीचे, गोधडीच्या टाक्यांचेही तेच आहे. आपल्या घरात एक वर्ग पहाटेच भरतो, आणि आपण मुलांना शिकवणीची घाई करून त्या वर्गातून उठवतो.

आता एक शेवटची विनंती करते, आणि ती करताना मला जरा भीती वाटते. दर वर्धापनदिनाला आपले मंडळ मुलांची रंगभरण स्पर्धा घेते. छापील चित्र देतो, मुलांनी रेषेबाहेर न जाता रंग भरायचे, तिघांना बक्षीस. गेल्या वर्षी त्या चित्राच्या झेरॉक्स मीच काढून आणल्या होत्या, म्हणजे दोष आधी माझाच. त्यात दोन डोंगर, सूर्य आणि झोपडी होती. येत्या वर्धापनदिनाला आपण छापील चित्र देऊ नये. कोरे कागद द्यावेत आणि म्हणावे, ‘आपल्या गल्लीत पाहिलेली एक गोष्ट काढा.’ जोडायला जास्तीचा कागद मागितला तर तोही द्यावा. डिंकाची बाटली मी आणीन. तिघांनाच बक्षीस न देता सगळी चित्रे सभागृहाच्या भिंतीवर लावावीत, खाली मुलाचे नाव आणि वय लिहावे, आणि बक्षिसाच्या पैशातून प्रत्येकाला एकेक खडूची पेटी द्यावी. हिशेब मी करून पाहिला आहे, शंभरदोनशे रुपये जास्त लागतील, ते मी आणि आणखी दोघीतिघी मिळून घालू.

तो तीन कागदांचा नंदीध्वज माझ्या ट्रंकेत साड्यांखाली आहे. लाल फुल्या तशाच आहेत. मागे धाकटीला तो सापडला. मी तिची माफी मागितली, तेव्हा ती मोठ्या माणसासारखी म्हणाली, ‘जाऊ दे गं आई.’ मग बराच वेळ बघून म्हणाली, ‘पण आजीची पिशवी बघ ना, आता मला अशी जमणार नाही.’ ते खरे आहे. आता तिची काठी प्रमाणात असते, पिशवीच्या आतले बाहेरून दिसत नाही. ते वय गेले. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी पाचसहा वर्षांचे मूल आहे, त्यांच्याकडे ते अजून आहे. ते जाण्याआधी चार वर्षे त्याला कोणाची फुली लागू देऊ नका, एवढेच मला मनापासून सांगायचे होते.

 तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि रंगभरण स्पर्धेबद्दल रागावला असाल तर तेही गोडच सांगा.